बुलेट पळवता येते, पण लावता येते का? अंगण, बोळ, बाजार आणि घाटात जड गाडी सांभाळायची रीत

गावात नवी बुलेट आली की हार घालून फोटो निघतो, पेढे वाटले जातात, स्टेटस पडतं. गाडी पळवायला कुणाला शिकवावं लागत नाही. खरी परीक्षा असते संध्याकाळी. गाडी बोळातून आणायची, घरासमोर वळवायची, उंबऱ्यावरून पडवीत चढवायची आणि सकाळी तीच उलटी बाहेर काढायची. रस्त्यावर गाडीवरून कुणी पडलं तर बातमी होते. उभ्या गाडीखाली पाय सापडला तर बातमी होत नाही. माणूस गुपचूप प्लास्टर घालून घरी बसतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. पावसाळी कांद्याची लागवड चालू होती. मी शेतावरून आलो, अंगणात गाडी तिरकी लावली आणि जेवायला बसलो. तेवढ्यात खताचा ट्रॅक्टर आला. वडील म्हणाले, "तू जेव, मी सरकवतो गाडी." त्यांनी आयुष्यभर शंभर सीसीची हलकी गाडी वापरली. त्याच हिशेबाने त्यांनी साइड स्टँड वर केला आणि गाडी मागे ओढली. ओल्या मातीत चप्पल घसरली, गाडी अंगावर आली, आणि ती धरून ठेवायच्या नादात पाय खाली गेला. घोटा मोडला. दीड महिना खाटेवर. लागवड सगळी मजुरांवर पडली.

तेव्हा सगळे म्हणाले, म्हाताऱ्याने कशाला हात लावायचा. पण चूक त्यांची नव्हती. चूक माझी होती. मी गाडी अशी लावली होती की ती दुसऱ्याला हलवावी लागली. हा लेख त्यासाठीच. जड गाडी ताकदीने नाही, बेताने सांभाळायची असते. तो बेत कसा करायचा ते एकेक करून पाहू.

जड म्हणजे नेमकी किती जड?

स्प्लेंडर प्लसचं वजन साधारण ११२ किलो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० किंवा नवी बुलेट ३५० आहे १९५ किलो. म्हणजे ८० किलोपेक्षा जास्त फरक. हलकी गाडी आपण मनगटाने सावरतो. जड गाडी सावरायला गेलं की कंबर धरते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडी सरळ उभी असते तेव्हा १९५ किलो तुमच्या हातावर नसतात, ते दोन चाकांवर असतात. गाडी कलली की मग भार तुमच्याकडे यायला लागतो. ढोबळ हिशेब मांडू. गाडीचं वजन हँडलच्या निम्म्या उंचीवर एकवटलंय असं धरा. घड्याळाचा मिनिटकाटा बारावरून एक मिनिट सरकतो, तेवढीच गाडी कलली तर हँडलवर साधारण १० किलोचा जोर लागतो. दोन मिनिटांइतकी कलली तर २० किलो. काटा बारावरून एकच्या आकड्यावर यावा इतकी कलली, तर जवळजवळ ५० किलो. म्हणजे भरलेली कांद्याची गोणी हात लांब करून धरल्यासारखं झालं. ते कुणालाच जमत नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला, गाडी कलायला लागली की लगेच, पहिल्या इंचातच सावरायची. दुसरा, ती हद्द ओलांडून गेली की सोडून द्यायची. गाडीचा आरसा, इंडिकेटर, लिव्हर बाजारात मिळतं. घोटा मिळत नाही.

लावायच्या आधी काढायचं ठरवा

बैलगाडी खळ्यात नेताना जुनी माणसं आधी बैल कुठून वळतील ते बघायची. बुलेटचंही तसंच. बुलेटला रिव्हर्स गिअर नाही. होंडा गोल्डविंगसारख्या काही अवाढव्य गाड्यांना तो असतो, कारण एवढी गाडी पायाने मागे सरकत नाही हे कंपनीलाही कळतं. आपल्याला मात्र मागे न्यायची तर पायाने किंवा हाताने.

म्हणून आत जाताना एकदा थांबा आणि बघा: इथून निघताना गाडीचं तोंड कुठे असेल? चढ कुठल्या बाजूला आहे? निघेपर्यंत पुढे दुसरी गाडी, ट्रॅक्टर, बैलगाडी येऊन लागेल का?

साधा नियम असा: उताराने मागे आत ढकला, इंजिनच्या जोरावर पुढे बाहेर या. रस्त्याकडेला लावताना मागचं चाक कडेला आणि तोंड रस्त्याकडे ठेवा. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. त्यामुळे मागे सरकवताना उतार मदत करतो, आणि निघताना पहिल्या गिअरमध्ये गाडी आपोआप वर येते. उलट केलं, म्हणजे तोंड खाली घालून लावली, तर निघताना १९५ किलो चढावर मागे ओढायला लागतात. मग चार जणांना हाक मारावी लागते.

हाताने ढकलायची पद्धत

ब्रिटनमध्ये मोटरसायकलच्या लायसन्सच्या परीक्षेत एक भाग गाडी न चालवता असतो. इंजिन बंद. गाडी स्टँडवरून काढायची, हाताने ढकलत एका आखलेल्या चौकटीतून दुसऱ्या चौकटीत न्यायची आणि पुन्हा स्टँडवर लावायची. जपानमध्ये तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आडवी पडलेली गाडी उचलायला शिकवतात. आपल्याकडे टेस्टला आठचा आकडा काढला की झालं. ढकलायचं कुणी शिकवत नाही, म्हणून ते आपणच शिकायचं.

गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहा, कारण साइड स्टँड डावीकडे आहे. काही बिनसलं तर पायाने स्टँड टाकता येतो. गाडी अगदी सरळ किंवा केसभर तुमच्याकडे कललेली ठेवा आणि सीटची बाजू कमरेला टेकवा. भार हाताने नाही, कमरेने पेलायचा. उजवीकडे मात्र कलू द्यायची नाही. तिकडे गेलेली गाडी तुमच्या हातून सुटली म्हणून समजा, कारण ती ओढून धरावी लागते.

पुढे नेताना दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. पण ब्रेक कधी दाबायचा? हँडल सरळ असेल तेव्हाच, आणि हळूच. हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला तर गाडी वळवलेल्या बाजूला आडवी होते. बोळात, पंपावर, घरासमोर हळू चालणाऱ्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच.

मागे नेताना डावा हात डाव्या हँडलवर आणि उजवा हात सीटमागच्या दांडीवर. आता उजव्या हातात ब्रेक नाही, मग गाडी थांबवायची कशी? यावर चांगला उपाय आहे. इंजिन बंद ठेवा, चावी काढा, पहिला गिअर टाका आणि डाव्या हाताने क्लच दाबून धरा. गाडी न्यूट्रलसारखी सरकते. थांबवायची असली की क्लच सोडा. मागचं चाक तिथेच अडतं. क्लच म्हणजे हातातला ब्रेकच झाला. उतारावर हे फार कामाला येतं.

चप्पल घालून हे काम करू नका. निदान मागे पट्टा असलेली सँडल तरी पाहिजे. ओल्या फरशीवर, शेणाने सारवलेल्या अंगणात आणि ट्रॅक्टरने कालवलेल्या चिखलात गाडीआधी आपलाच पाय घसरतो.

पडवीत, घरात गाडी घेताना

आधी टेप घ्या. क्लासिक ३५० च्या हँडलची रुंदी आहे ७८५ मिलिमीटर, म्हणजे साधारण २ फूट ७ इंच. आरसे आणि बाहेरून बसवलेलं लेगगार्ड वेगळं धरा. तुमचा दरवाजा तीन फुटी असला तरी चौकट सोडून मधली मोकळी जागा किती उरते ते मोजा. पुरते तीन फूट मोकळे असले तरी दोन्ही बाजूला अडीच-अडीच इंच राहतात. तेवढ्यात तुमच्या हाताची बोटंही जायची आहेत. जुन्या वाड्याच्या दारातून गाडी सरळ जात नाही. तिथे हँडल पूर्ण वळवून आधी एक मूठ आत घ्यायची, मग उलट वळवून दुसरी. हे काम इंजिन बंद ठेवून आणि दोघांनी करायचं.

उंबरा किंवा पायरी असेल तर फळी लावतात. फळी आखूड घेऊ नका. सहा इंच उंच पायरीला दोन फुटांची फळी लावली तर गाडी चढवायला बराच जोर लागतो. तीच फळी चार फुटांची असली तर साधारण निम्मा. घरात एकच माणूस असेल तर हा फरक मोठा आहे. कायमचं करायचं असेल तर सिमेंटचा उतार करून घ्या आणि तो रुंद ठेवा. नुसत्या चाकापुरत्या पट्टीवर गाडी चढते, पण बाजूने चालणाऱ्या माणसाचा पाय पायरीत अडखळतो. सिमेंट ओलं असतानाच वरून झाडूच्या काड्या ओढून घ्या, म्हणजे पावसात घसरणार नाही.

आत लावताना उजवी बाजू भिंतीकडे करा. बुलेट, क्लासिकचा सायलेन्सर उजवीकडे असतो. तो भिंतीकडे गेला की लहान पोरांच्या पोटऱ्या भाजत नाहीत. भिंत आणि गाडीत वीतभर जागा सोडा. डावीकडे तुम्हाला उभं राहायला आणि स्टँड टाकायला जागा राहते.

आणखी तीन गोष्टी. बंद खोलीत गाडी चालू करून गरम करत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो. गाडीशेजारी चूल, देव्हाऱ्यातला दिवा किंवा गॅस असू नये, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. आणि नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीखाली कडबा, पाचट, वाळलेलं गवत नको. तापलेल्या सायलेन्सरला ते टेकलं की पेट घेऊ शकतं.

काळ्या मातीत साइड स्टँड

आपल्या जिल्ह्यात गोदावरी, प्रवरा, मुळेच्या पट्ट्यात काळी भारी जमीन. पावसाळ्यात आणि पाणी दिलेल्या वावराच्या बांधावर साइड स्टँड हळूहळू खाली जातो. लावताना गाडी बरोबर उभी असते. तुम्ही मोटार चालू करून येता, तोवर ती आडवी. गाडीच्या वजनाचा बराच भाग त्या दोन-अडीच इंचाच्या टोकावर येतो, म्हणून असं होतं. मे महिन्यात दुपारच्या उन्हात डांबरही असंच मऊ पडतं.

उपाय फुकटात आहे. शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा, जाड फळीचा तुकडा किंवा लोखंडी पट्टी गाडीच्या पिशवीत ठेवा आणि स्टँडखाली घाला. काही नसेल तर चपटा दगड. पण विटेवर भरवसा ठेवू नका, कच्ची वीट फुटते.

जागा तिरकी असेल तर एवढं बघा. गाडी डावीकडे कलून उभी राहते. डावीकडची जमीन फार खाली असेल तर गाडी जास्त कलते आणि उचलायला जड जाते. डावीकडची जमीन वर असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने उजवीकडे पडते. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. स्टँड टाकल्यावर हँडल डावीकडे पूर्ण वळवा आणि सीटला उजवीकडे हलकं ढकलून बघा. गाडी लगेच सरळ व्हायला लागली तर जागा बदला.

दुधाचे कॅन नेणाऱ्यांसाठी खास. चाळीस लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये नुसतं दूधच चाळीस किलोच्या वर असतं. गाडी साइड स्टँडवर असेल तर भरताना आधी डावा कॅन लावा, मग उजवा. उतरवताना आधी उजवा काढा, मग डावा. उलट केलं तर एकट्या उजव्या कॅनच्या भाराने गाडी सरळ होऊन पलीकडे जाते.

अरुंद बोळात बसून वळवताना

इंजिन चालू ठेवून वळवायची असेल तर सगळं काम क्लच आणि मागच्या ब्रेकचं. पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला, ॲक्सिलरेटर अगदी थोडा आणि एकसारखा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, या दोन्हीत गाडी ताठ राहते. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढूनच ठेवा.

नजर पुढच्या चाकाकडे नको. जिथून बाहेर पडायचं तिकडे मान वळवून बघा. गटाराकडे बघाल तर गटारात जाल, हे ज्याने सायकल शिकली त्याला माहीत आहे. वळताना गाडी आत कलते, तेव्हा तुम्ही अंग थोडं बाहेर ठेवा.

थांबताना एकच पाय टेकवायचा, डावा. उजवा पाय ब्रेकवरच राहू द्या. क्लासिकच्या सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे. उंची कमी असेल तर दोन्ही पायांचे चवडे टेकवत लटपटण्यापेक्षा सीटवर थोडं डावीकडे सरकून डावा पाय पूर्ण टेकवा. आणि पाय टेकवायच्या आधी जमीन बघा. रस्त्याच्या कडेला थांबताना साइडपट्टी खचलेली असते, पाय खाली शोधत जातो आणि गाडी त्याच बाजूला जाते. उसाच्या हंगामात समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की आपण कडेला सरकतो, तेव्हा हे हमखास घडतं. अगदी कडेला जाऊन थांबू नका, डाव्या पायाला हातभर डांबर ठेवून थांबा.

घरात आजोबांची जुनी बुलेट असेल तर आणखी सावध राहा. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. नव्या गाडीची सवय असलेला पोरगा बोळात घाबरून उजवा पाय दाबतो, आणि ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडतो. अशी गाडी आधी मोकळ्या मैदानात फिरवून बघा.

सरावासाठी शाळेचं मैदान किंवा मोकळं खळं पुरे. दोन दगड ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. जमला की दगड जवळ आणा. रविवारची दोन सकाळ घालवलीत तरी हात बसतो.

बाजार, यात्रा आणि गर्दी

काष्टीचा शनिवारचा बाजार असो, मढीची यात्रा, मोहटादेवीची नवरात्र नाहीतर शिंगणापूरची शनी अमावस्या, गाड्यांच्या रांगा लागतात. रांगेतली एक गाडी पडली की पुढच्या पाच-सहा ओळीने जातात. त्यात जड गाडी असेल तर शेजारच्या हलक्या गाडीचं आणि तिच्यावर बसलेल्या पोराचं काही खरं नाही.

रांगेत मधे घुसू नका. थोडं लांब, पण टोकाला लावा. डाव्या बाजूच्या गाडीपासून किमान हातभर अंतर ठेवा, कारण तुमची गाडी त्याच बाजूला कललेली असणार आणि तुम्हाला तिथेच उभं राहून ती काढायची आहे. हँडल लॉक करा. गाड्या लावून घेणारी पोरं लॉक केलेली गाडी ओढाताण करून सरकवतात हे खरं, म्हणून आधीच विचारा, "इथून हलवावी लागेल का?" हलवावी लागणार असेल तर तुम्हीच दुसरी जागा बघा.

बाहेर काढताना गर्दी असेल तर लाज धरू नका. शेजारच्या माणसाला म्हणा, "दादा, मागून जरा धरा." त्याने फक्त मागची दांडी धरून गाडी सरळ ठेवायची, ओढायची नाही. दोघांनी दोन दिशांना ओढलं की गाडी तिसऱ्याच दिशेला जाते.

एक कायद्याची गोष्ट. दुसऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागेत उभी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे. वळणावर, पुलाच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकासमोर लावलेली बुलेट यात बसते. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. रात्री अंधारात मागून येणाऱ्याला ती काळी गाडी दिसत नाही.

घाटात आणि चढावर

करंजी घाट, चंदनापुरी घाट किंवा भंडारदऱ्याकडचा रस्ता, पावसाळ्यात फोटोसाठी गाड्या थांबतातच. कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला सपाट जागा मिळणं कठीण. १६४६ मीटरचं शिखर चढून थकून खाली यावं आणि गाडी आडवी पडलेली दिसावी, असं होऊ नये म्हणून एवढं करा.

चढावर गाडीचं तोंड वरच्या बाजूला ठेवा. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि क्लच सोडून द्या. मग गाडी हळूच मागे सरकू द्या, गिअर चाकाला घट्ट धरेपर्यंत. त्यानंतरच स्टँड टाका. तोंड खाली असलं तर गाडी पुढे सरकते, साइड स्टँड मागे दुमडतो आणि गाडी आडवी होते. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडून जाणं म्हणजे ती सोडूनच देणं. मागच्या चाकाला एक दगड लावला तर आणखी चांगलं. मात्र निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाका, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जायला नको.

उतारावर डबल स्टँड लावू नका. तो सपाट आणि टणक जागेसाठी आहे.

डबल स्टँड ताकदीने लागत नाही

पोरं दात-ओठ खाऊन गाडी मागे ओढतात, पाठीत कळ येते आणि गाडी तिथेच राहते. खरी पद्धत अशी. डावीकडे उभं राहा. डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या उचलायच्या दांडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा. गाडी सरळ करा, म्हणजे स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. टेकलेत हे हाताला जाणवतं. मग सगळं अंगाचं वजन त्या उजव्या पायावर द्या, जणू पायरी चढताय. गाडी आपोआप वर येते, हाताने फक्त दिशा द्यायची. अजून जड वाटत असेल तर मागचं चाक अर्ध्या इंचाच्या फळीवर घ्या. निम्मं काम तिथेच होतं.

घरी टणक फरशीवर डबल स्टँड बरा. पण त्यावरही लहान पोरांना चढून खेळू देऊ नका.

पडलीच तर

पहिलं, लांब व्हा. दुसरं, इंजिन बंद करा, चावी काढा. पेट्रोल गळतंय का बघा, कुणी विडी-सिगारेट पेटवू नये. घाई नको. लाज वाटते म्हणून झटक्यात उचलायला जाऊ नका, पाठ तिथेच जाते.

दोन-तीन माणसं असतील तर हाक मारा. एकट्याने उचलायची असेल तर गाडी ज्या बाजूला पडली त्याच बाजूला हँडल पूर्ण वळवा. खालची मूठ टाकीजवळ येते. चाक फिरू नये म्हणून जमलं तर गिअर टाका. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे सरळ झाल्यावर ती पलीकडे पडायच्या ऐवजी स्टँडवर टेकेल. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसा. एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात मागची दांडी. पाठ ताठ ठेवून पायाच्या जोरावर उठा आणि छोटी छोटी पावलं मागे टाका. गुडघे उचलतात, कंबर नाही. ज्यांचं पाठीचं दुखणं आहे, हर्नियाचं ऑपरेशन झालंय किंवा ज्या बाई गरोदर आहेत, त्यांनी हात लावायचाच नाही.

उचलल्यावर लगेच चालू होत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी बंद करून पुन्हा चालू करा. निघायच्या आधी ब्रेक आणि क्लचची लिव्हर, हँडल सरळ आहे का आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागे येतो का, एवढं तपासा.

शेवटचं

आमच्या अंगणात आता खडूने नाही, सिमेंटनेच एक पट्टी आखली आहे. गाडी त्या पट्टीवरच लागते, उजवी बाजू भिंतीला, तोंड फाटकाकडे. ट्रॅक्टर आला तरी ती हलवावी लागत नाही. वडिलांचा घोटा थंडीत अजून दुखतो. ते बोलत नाहीत, पण गाडी लागली की एकदा पट्टीकडे बघतात.

तुमच्या घरी जड गाडी असेल तर आज संध्याकाळी दोन कामं करा. एक, गाडी अशा जागी लावा की कुणालाच हलवावी लागू नये. दोन, घरातल्या प्रत्येकाला, आई-वडील, बायको, भाऊ सगळ्यांना सांगून ठेवा: गाडी अडचण करत असेल तर मला हाक मारा, जेवण सोडून उठतो. आणि कधी गाडी पडायला लागलीच, तर धरू नका, पडू द्या.

माहिती कामाची वाटली तर गावच्या ग्रुपवर टाका. ज्याने नुकतीच बुलेट घेतली आहे त्याला तर नक्की पाठवा.